संधिवाताची औषधे, विमा आणि ज्येष्ठांचा खिसा

आरोग्य विमा असूनही संधिवाताच्या रोजच्या गोळ्यांचे पैसे खिशातूनच जातात, हे अनेक ज्येष्ठांना पहिला दावा फेटाळला गेल्यावर कळते. आपल्याकडील बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेल्या असतात. त्यामुळे ओपीडीत लिहून दिलेली मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि त्यांच्यासोबतच्या नियमित रक्ततपासण्या त्यात सहसा बसत नाहीत. ओपीडीची वेगळी जोड मिळते. मात्र ती घेण्यापूर्वी तिची वार्षिक मर्यादा आणि जादा हप्ता शेजारी शेजारी मांडून पाहावा. पाच हजारांच्या मर्यादेसाठी चार हजार मोजायचे असतील, तर त्याला विमा म्हणण्यात अर्थ नाही.

खरा मोठा खर्च आमवातात (रूमेटॉइड आर्थ्रायटिस या संधिवाताच्या प्रकारात) गोळ्यांनी भागले नाही की सुरू होतो, कारण मग रिटुक्सिमॅबसारखी जैविक (बायोलॉजिक) औषधे सुचवली जातात. विमा नियामकाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, तिच्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे रिटुक्सिमॅब ज्या गटात मोडते त्या औषधांची, इंजेक्शने आहेत, परंतु पॉलिसीत त्यांच्यावर उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम, असू शकते. येथे औषधाइतकेच ते कोठे घेतले यालाही महत्त्व आहे: रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून घेतलेल्या औषधाच्या दाव्याला आधार मिळतो, तर अडालिमुमॅबसारखे घरीच पोटावर टोचून घेतलेले इंजेक्शन बहुधा ओपीडीच्या खात्यात जाते. म्हणून तारीख ठरण्याआधी रुग्णालयाच्या विमा कक्षातून पूर्वमंजुरी मागावी आणि उत्तर लेखी घ्यावे. अनेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस त्याच आजाराच्या औषधांची बिलेही मिळतात. ती चिठ्ठीसह जपावीत.

नवी पॉलिसी घेताना संधिवात लपवू नये. पूर्वीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त 36 महिने आहे, आणि लपवाछपवीने दावा बुडण्यापेक्षा तो सोसणे परवडते. सत्तरी गाठलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण मिळते. तेही दाखल झाल्यावरचेच. केंद्र सरकारच्या निवृत्तांना मात्र सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून रोजची औषधे मिळू शकतात.

बाकीच्यांसाठी गोळ्यांचा खर्च उतरवण्याचा मार्ग जनऔषधी केंद्रातून जातो. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहायला सांगावे आणि औषधाची कंपनी बदलताना त्यांना विचारावे. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि नवी पट्टी वेगळी दिसल्याने ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. दुकानातून आणल्याबरोबर पट्टीवर ठळक अक्षरांत वार लिहून ठेवावा.

ज्यांच्याकडे आरोग्य विमाच नाही, अशा साठीपुढील व्यक्तींना जुन्या करप्रणालीत 80डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीखाली वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट घेता येते. त्यासाठी बिल रुग्णाच्या नावाचे घ्यावे आणि पैसे यूपीआय, कार्ड किंवा धनादेशाने द्यावेत, कारण गल्ल्यावर रोख मोजलेला रुपया या वजावटीत धरला जात नाही.