मधुमेह असलेल्या बाईने दवाखान्याच्या खेपा कशा सांभाळाव्यात

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांमागे एक चपटा पत्र्याचा डबा होता. त्यात मेटफॉर्मिनच्या, म्हणजे मधुमेहावरच्या औषधाच्या, अर्ध्या अर्ध्या गोळ्या साठलेल्या. अख्खी गोळी घेतली की पोटात ढवळायचं, म्हणून ती सुरीने अर्धी करून घ्यायची आणि औषध टाकवत नसल्यामुळे उरलेली अर्धी जपून ठेवायची. डॉक्टरांना याचा पत्ताच नव्हता. दर खेपेला साखर वाढलेली दिसायची, ते डोस वाढवायचे, मावशी नवी गोळीही अर्धीच करायची. दोन वर्षं असंच चाललं. शेवटी मी तो डबाच पिशवीत घालून तिच्याबरोबर गेले. डॉक्टर रागावले नाहीत. पोटाला सोसेल अशी, हळूहळू विरघळणारी गोळी त्यांनी दिली, जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि ही गोळी कापायची नाही, चावायची नाही, हे दोनदा बजावलं. सहा महिन्यांत तिची तीन महिन्यांची सरासरी साखर ९.४ वरून ७.२ वर आली.

मावशी दवाखान्यात जात नव्हती असं नाही, वेळच्या वेळी जायची. पण जाऊन खरं सांगत नव्हती, आणि साखरेच्या दृष्टीने ते न जाण्यासारखंच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली आलेल्या पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, निघालं. देशाचं ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे असा डबा बऱ्याच घरांत असणार, म्हणून हे लिहिते आहे.

आधी आपला आकडा विचारा

‘शुगर थोडी आहे’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. एचबीए१सी किती, ते विचारा. मागच्या तीन महिन्यांची सरासरी त्यातून कळते, त्यामुळे आदल्या दिवशी पेज पिऊन राहिलं म्हणून तो आकडा सुधारत नाही. बहुतेकांसाठी तो ७ च्या आत असावा. वय जास्त असेल किंवा साखर वरचेवर एकदम उतरत असेल, तर डॉक्टर थोडी सूट देतात. साखर आटोक्यात नसेल किंवा औषध बदललं असेल तर ही तपासणी दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. अंगात रक्त कमी असेल किंवा पाळीत फार जात असेल, तर तेही सांगा. अशा वेळी हा आकडा फसवा येऊ शकतो, आणि बायकांच्या बाबतीत ही गोष्ट सहज नजरेआड होते.

एकच ठिकाण धरा

गावचं आरोग्य केंद्र असो, म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ असो, नाहीतर कोपऱ्यावरचे फॅमिली डॉक्टर. एक ठिकाण ठरवा आणि तिथेच जा. आज इथे, उद्या शेजारणीने सांगितलं म्हणून तिथे, असं केलं की मागचं औषध का बदललं होतं हे कोणालाच कळत नाही. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवलं तर जरूर जा, पण परतल्यावर तिथले कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. तिशीनंतर तपासणीही होते, त्यामुळे घरातल्या सुनांनाही घेऊन जा. गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. बाळाच्या गडबडीत ती हमखास राहते.

खेपेच्या दिवशी

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर मधुमेहाची गोळी रक्त देऊन, खाल्ल्यावर घ्या. इन्सुलिन घेत असाल तर काय करायचं ते आधीच्या खेपेला विचारून ठेवा. डब्यात भाकरी नाहीतर पोळी-भाजी असू द्या. रांग लांबली की बाहेर पाव-भाजी आणि साखरेचा चहा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

औषधांच्या नावांची यादी करण्यापेक्षा स्ट्रिपाच पिशवीत घाला, अर्धवट वापरलेल्याही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, कोणी दिलेला काढा, काही घेत असाल तर तेही न्या. लपवू नका.

आत गेल्यावर काय बोलावं

आत मिळतात पाच मिनिटं. म्हणून आदल्या रात्री वहीत तीनच ओळी लिहा: काय त्रास होतो, कुठली गोळी किती वेळा चुकली, आणि काय विचारायचं आहे. मावशीच्या वहीत एकदा फक्त ‘खाज. सोमवार. पाय.’ एवढंच होतं, पण त्या तीन शब्दांवर सगळं बोलणं झालं.

लघवीच्या जागी वरचेवर खाज, जळजळ, पांढरं जाणं हे वाढलेल्या साखरेमुळे होऊ शकतं. पुरुष डॉक्टरांसमोर तोंडातून शब्द निघत नाही, हे मला कळतं. मग नर्सला सांगा, किंवा चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा. पण सांगा.

उपासाचंही तसंच. श्रावणातले सोमवार, आयतार (रविवार), एकादशी करत असाल तर महिनाभर आधी विचारा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरू शकते. उलट साबुदाण्याच्या खिचडीने ती चढते. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी बोटातल्या रक्ताची साखर घरच्या यंत्रावर तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्या. उपास मोडला म्हणून देव रागावणार नाही, असं मी मावशीला दर श्रावणात सांगते.

दोन खेपांच्या मधे

खरी साखर इथेच बिघडते. गणेशचवथीचे दिवस आठवा. नेवऱ्या, पातोळ्या करायच्या, पाहुण्यांची पानं वाढायची, आणि घरची बाई तीन वाजता, उरलंसुरलं घेऊन जेवायला बसणार. गोळी सकाळी घेतलेली, जेवण दुपार उलटल्यावर. मला याचा मनापासून राग येतो. ज्या बाईला मधुमेह आहे तिचं पान पहिल्या पंगतीत मांडा. हे तिने मागायची वाट पाहू नका, मुलांनी आणि नवऱ्याने करायचं काम आहे.

आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नव्या आणायला निघा, संपायची वाट पाहू नका. पुढची तारीख कालनिर्णयावर गोल करून ठेवा आणि घरातल्या सर्वांना सांगा, म्हणजे त्याच दिवशी जत्रा आणि पाहुणे ठरणार नाहीत. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका. बरं वाटतंय ते त्या गोळ्यांमुळेच असेल. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

पावसात पाय सतत ओले राहतात. रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवा आरशात बघा. जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दुसऱ्या दिवशी जा.

वर्षातून एकदा

लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतं का ते सांगणारी रक्ताची तपासणी), पायांची संवेदना आणि डोळ्यांचा पडदा, एवढं तपासून घ्या. दिसतं नीट, म्हणून बायका डोळ्यांची तपासणी टाळतात. पण पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घालतात आणि नंतर काही तास धूसर दिसतं. त्या दिवशी स्कूटर घेऊन एकट्या जाऊ नका, कोणाला तरी बरोबर न्या आणि परतताना उन्हासाठी काळा चष्मा ठेवा.