मेंढी बाहेर काढायची घाई नको: ब्लॉकचेनवरच्या लांडगा-मेंढी खेळात या चुका टाळा

धनगर रात्री वाघर लावतो ती लांडग्यापासून कळप राखायला. इथेरियम या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर) नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘वुल्फ गेम’मध्ये मात्र मेंढी कोंडली तरी लांडग्याचा वाटा ठरलेलाच. तेव्हाच्या नियमांनुसार इथला प्रत्येक प्राणी म्हणजे एक एनएफटी, म्हणजे ज्याची मालकी ब्लॉकचेनवर नोंदलेली असते असं एकमेव टोकन. एकूण मर्यादा ५०,०००, त्यात साधारण नव्वद टक्के मेंढ्या आणि उरलेले लांडगे. ‘बार्न’मध्ये (खेळातल्या कोठारात) स्टेक केलेली, म्हणजे कोंडून ठेवलेली मेंढी दिवसाला १०,००० वूल टोकन (खेळातलं लोकरीचं नाणं) द्यायची. नुसतं वूल उचललं तर २० टक्के लांडग्यांच्या मालकांना. मेंढीच बाहेर काढली तर छापा-काटा, निम्म्या शक्यतेने साचलेलं सगळं वूल लांडग्यांचं. पडद्यावर खेळण्यासारखं फारसं काही नव्हतं; खरा खेळ स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कोडच्या चार ओळींत होता.

त्या ओळी न वाचता झालेली सगळ्यात महागडी चूक म्हणजे वूल साचू देऊन मेंढी एकदम बाहेर काढणं. समजा वीस दिवसांचं २,००,००० वूल साचलंय. सरळ बाहेर काढलं तर एक तर सगळं तुमचं, नाहीतर हाती भोपळा. सरासरी धरली तर १,००,०००. आता दुसरी वाट बघा. आधी फक्त वूल उचला: ४०,००० लांडग्यांना, १,६०,००० तुमच्या खिशात. बाहेर पडायला किमान दोन दिवसांचं वूल साचलेलं असावं लागायचं, तेव्हा दोन दिवस थांबा आणि मग मेंढी काढा. पणाला लागतात फक्त २०,०००. या वाटेत गॅस (प्रत्येक व्यवहारासाठी नेटवर्कला द्यायची फी) दोनदा भरावा लागतो हे खरं, तेव्हा एकच मेंढी असेल तर गॅसचा आकडा आधी पाहूनच ठरवा. इथेरियमवर गर्दीच्या वेळी लोकरीपेक्षा कातरणी महाग पडते.

दुसरी चूक हिशेबाची. रोजचं वूल गुणिले आजचा भाव, असं मांडून लोक महिन्याची कमाई काढतात. पण स्टेकिंगमधून मिळणाऱ्या वूलला २४० कोटींची मर्यादा होती. ९,००० मेंढ्या बार्नमध्ये असल्या तर रोज ९ कोटी वूल तयार होणार, म्हणजे सत्तावीस दिवसांत कोटा संपला. ४५,००० मेंढ्या असत्या तर आठवडाही पुरला नसता. शिवाय विकणारे रोज वाढतात, घेणारे कोण? मुख्यतः नवी मेंढी मिंट करू, म्हणजे नव्याने तयार करून घेऊ पाहणारे. पहिले १०,००० प्राणी इथरमध्ये (इथेरियमच्या चलनात) विकले गेले, त्यापुढच्या प्रत्येक प्राण्याची किंमत २०,००० वूलपासून सुरू होऊन ८०,००० वूलपर्यंत चढत जाणार होती. मिंट करणारे आटले की मागणीही आटली.

मिंट केलं, पण प्राणी वॉलेटमध्ये (टोकन ठेवायच्या डिजिटल पाकिटात) आलाच नाही? लगेच बग म्हणून ओरडू नका. वूल देऊन मिंट केलेला प्राणी दहा टक्के शक्यतेने स्टेक केलेल्या एखाद्या लांडग्याच्या मालकाकडे जायचा. नियमच तसा होता. इथरस्कॅनवर (इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर) व्यवहार उघडून टोकन कोणत्या पत्त्यावर गेलं ते पाहा. स्टेक केलेली मेंढी वॉलेटमध्ये दिसायची नाही, तोही बग नव्हे: ती बार्नच्या कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर असायची.

व्यवहार ‘पेंडिंग’ राहिला तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. मेटामास्क या वॉलेटमध्ये त्याच व्यवहाराची फी वाढवा. अयशस्वी झालेल्या व्यवहाराचाही गॅस कापला जातो, परत मिळत नाही.

अशा अनेक खेळांत स्टेक करताना कॉन्ट्रॅक्टला तुमचे सगळे प्राणी हलवायची परवानगी द्यावी लागते. नकली साइट हुबेहूब तीच परवानगी मागते आणि वाघर रिकामी करते. पत्ता खेळाच्या अधिकृत दुव्यावरून तपासा, या खेळांसाठी वेगळं वॉलेट ठेवा, काम झालं की परवानगी काढून घ्या (त्यालाही गॅस लागतो). बारा शब्दांचा सीड फ्रेज (वॉलेटची मुख्य किल्ली) कुणी मागितला, मग तो ‘सपोर्ट’वाला का असेना, तर समोर लांडगाच आहे असं समजा.

खेळ खुद्द चुकीचा असू शकतो हेही लोक विसरतात. सुरू झाल्यावर काही दिवसांतच वुल्फ गेमच्या कोडमध्ये त्रुटी सापडली, खेळ थांबला आणि सगळं नव्या कॉन्ट्रॅक्टवर न्यावं लागलं. अशा वेळी जुन्या पत्त्यावर स्वस्तात मिळणारी मेंढी घेणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिचं तिकीट घेणं.

आणि भारतात राहून खेळत असाल तर कर. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, वर अधिभार-उपकर वेगळे. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएसही लागू आहे. एका मेंढीवर झालेला तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत धरतात. त्यामुळे कोणती मेंढी कधी, कितीला घेतली आणि त्या दिवशी इथरचा रुपयांतला भाव काय होता, हे त्याच दिवशी वहीत लिहा. मार्चअखेरीस वॉलेटचा इतिहास उकरत बसणं मेंढ्या मोजण्यापेक्षा कंटाळवाणं असतं, आणि झोपही येत नाही.