पट्टे दिसले की लगेच ‘गाळाचा खडक’ लिहू नका

खडकांचे अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित हे तीन प्रकार तुम्हाला येतच असतील, त्यात वेळ घालवत नाही. गाडी अडते ती भूशास्त्राच्या प्रॅक्टिकलला नमुना हातात आल्यावर. मला सर्वांत जास्त छळलं ते पट्ट्यांनी. आजही पट्टेदार दगड समोर आला की नाव घेण्याआधी मी थांबते.

गाळाच्या खडकातले थर गाळ साचतानाच पडतात, जुना खाली आणि नवा वर. नाइस या रूपांतरित खडकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं तसं नाही. कित्येक किलोमीटर खोल, उष्णतेत आणि दाबाखाली, खडक न वितळताच त्यातली खनिजं नव्याने वाढतात. अभ्रकाचे चपटे पापुद्रे दाबाच्या दिशेशी काटकोन करून ओळीने लागतात, क्वार्ट्झ-फेल्डस्पार ही फिकट खनिजं वेगळी होत जातात आणि पट्टे उमटतात. म्हणजे ज्यात कधी एकही थर नव्हता त्या ग्रॅनाइटचासुद्धा पट्टेदार नाइस होतो. कॅनडातला सुमारे ४०० कोटी वर्षं जुना अकास्टा नाइससुद्धा मुळात अग्निजच.

स्लेट, म्हणजे पाटीचा रूपांतरित दगड, याहून फसवी. तिचे पातळ पत्रे ज्या पातळीवर सुटतात ती बऱ्याचदा मूळ थरांची नसतेच. तुकडा ओला करून तिरप्या उजेडात धरा. फिकट-गडद पुसट रेघा त्या पातळीला छेदून जाताना दिसल्या, तर बहुधा तेच जुने थर.

म्हणून भिंग आधी, नाव नंतर. वालुकाश्म सहसा कणांच्या कडेने फुटतो, हाताला खरखरीत लागतो. त्याचंच रूपांतर होऊन बनलेला क्वार्टझाइट कणांच्या आरपार फुटतो.

फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅप्स पहिल्या वर्षी तरी हातात धरू नका. विचारल्याबरोबर नाव सांगून मोकळे होणारे सीनियरही नकोत. “कण कसे दिसतायत?” असं उलट विचारणाऱ्या सरांच्या किंवा मॅडमच्या मागे लागा. राग येईल, पण शिकाल तिथेच.

सुरुवातीला मार्क जातील, जाऊ द्या. मिग्मटाइटसारख्या अर्धवट वितळलेल्या खडकात अग्निज आणि रूपांतरित, दोन्ही खुणा एकत्र असतात. तिथे अडखळलात तर तुमची बुद्धी कमी म्हणून नव्हे. खडक पुस्तकातल्या खडकचक्राच्या आकृतीतले बाण बघून बदलत नाहीत.

आणि खडकावर आम्लाचा थेंब टाकून बघण्याच्या चाचणीवर फार विसंबू नका. चुनखडक आणि संगमरवर दोन्ही फसफसतात. चुनखडकासारखाच दिसणारा डोलोमाइट मात्र थंड, सौम्य आम्लात जेमतेम बुडबुडे सोडतो, त्यामुळे आधी ओरखडा काढून थोडी भुकटी करा आणि थेंब तिच्यावर टाका.