बिस्मथ टायटनेटची भट्टी लावण्याआधी

किती ग्रॅम बनवायचं, हे सर्वात आधी ठरवा. बिस्मथ टायटनेटचं (Bi₄Ti₃O₁₂) खरं वैभव त्याच्या रचनेत आहे. बिस्मथ-ऑक्सिजनचे (Bi₂O₂)²⁺ थर आणि त्यांच्यामध्ये पेरोव्स्काइट या खनिजासारखे तीन-तीन अष्टफलकांचे (टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन असलेल्या आकारांचे) मजले, ही मांडणी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बेंग्ट ऑरिविलियस यांनी 1949 साली उलगडली. या रचनेतले ऑक्सिजन नीट पाहायचे असतील तर न्यूट्रॉनांचा झोत लागतो आणि न्यूट्रॉनला सॅम्पल ग्रॅमच्या हिशेबात लागतं. पाच ग्रॅमसाठी बिस्मथ ऑक्साइड 3.977 ग्रॅम आणि टायटॅनियम डायऑक्साइड 1.023 ग्रॅम. दहा ग्रॅम हवे असतील तर 7.955 आणि 2.045. हे आकडे वहीत आधीच लिहून ठेवा, तराजूसमोर बसून गणित करू नका.

बिस्मथ ऑक्साइडची बाटली बराच काळ उघड-झाक झालेली असेल तर त्या पिवळ्या पावडरीने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून थोडा कार्बोनेट केलेला असतो. तशीच तोलली तर बिस्मथ कमी पडतो आणि दोष पुढे भट्टीवर जातो. म्हणून आदल्या दिवशी 500 अंश सेल्सिअसला काही तास तापवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शिरू न देणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच तोला. टायटॅनियम डायऑक्साइडही वाळवलेलाच घ्या.

खल अगेटचा (अकीक दगडाचा) घ्या. झिजलेला पोर्सिलेनचा खल आणि सिलिकाची मुषा (भट्टीत ठेवायची वाटी) या कामातून पूर्ण बाद, कारण बिस्मथ ऑक्साइड सिलिका उचलून Bi₁₂SiO₂₀ बनवतो. प्लॅटिनमही टाळा; कुठे क्षपण होऊन (ऑक्सिजन निघून जाऊन) बिस्मथ धातू सुटला तर तो प्लॅटिनमशी मिश्रधातू करून मुषा कायमची बिघडवतो. झाकणाची ॲल्युमिना मुषा चालते, पण एका अटीवर: मोकळा बिस्मथ ऑक्साइड वितळता कामा नये. तो साधारण 825 अंशांना वितळतो आणि वितळलेला ऑक्साइड ॲल्युमिनाही खातो. म्हणून पहिली भाजणी 750 अंशांच्या आसपास ठेवा. तेवढ्यात बहुतेक ऑक्साइड टायटॅनियमशी बांधला जातो. मग बाहेर काढून पुन्हा मनापासून खला आणि दुसरी भाजणी 800 ते 850 अंशांना करा. भट्टी सामायिक असेल तर आधी तिच्यात शिशाचं काही भाजलं होतं का, हेही विचारून घ्या.

आता भट्टीत बिस्मथ वाफ होऊन उडण्याचा प्रश्न. अनेक जण सुरुवातीलाच तीन ते पाच टक्के जास्तीचा ऑक्साइड घालतात. पहिल्याच बॅचला तसं करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी मुषा, झाकण आणि सॅम्पल एकत्र तोला, प्रत्येक भाजणीनंतर पुन्हा तोला, आणि घट किती आली ते पाहून मगच जास्तीचं प्रमाण ठरवा. न उडालेला जास्तीचा बिस्मथ Bi₁₂TiO₂₀ हे नको असलेलं संयुग होऊन सॅम्पलमध्येच बसतो.

क्ष-किरणांच्या पॅटर्नमध्ये कुठे पाहायचं, हेही आधी टिपून ठेवा. तांब्याच्या किरणांवर आपल्या संयुगाची सर्वात उंच पीक, (117) या स्फटिक-प्रतलांची, 30.1 अंशांच्या कोनापाशी (2θ) येते, Bi₁₂TiO₂₀ ची 27.7 पाशी. कण चपट्या पापुद्र्यांसारखे वाढतात, त्यामुळे होल्डरमध्ये वरून दाबलेली पावडर आडवी झोपते आणि (00l), म्हणजे थरांना समांतर प्रतलांच्या, पीक खोट्या उंच दिसतात. पावडर मागून किंवा बाजूने भरा.

तरीही ऑक्सिजनच्या जागा क्ष-किरणांना नीट सापडत नाहीत, कारण 83 इलेक्ट्रॉनांच्या बिस्मथपुढे आठ इलेक्ट्रॉनांचा ऑक्सिजन झाकला जातो. आणि या पदार्थातलं सगळं मर्म तिथेच आहे. बिस्मथची 6s² ही बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉन-जोडी एका बाजूला सरकते, ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला जवळ येतात, अष्टफलक कलतात आणि 675 अंशांच्या खाली पदार्थ फेरोइलेक्ट्रिक होतो, म्हणजे त्यात विद्युतक्षेत्राने उलटवता येणारं स्वतःचं ध्रुवीकरण येतं. न्यूट्रॉनला दोन्ही अणू चांगले दिसतात: विकिरण लांबी (अणू न्यूट्रॉनला किती जोराने विखुरतो याचं माप) बिस्मथची 8.5 फेम्टोमीटर, ऑक्सिजनची 5.8. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना तर ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी जवळच आहे. तिथे वेळ मागायचा अर्ज सॅम्पल तयार होण्याची वाट न पाहता मार्गदर्शकांशी बोलून लिहायला घ्या. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन हे दोन्ही पॅटर्न एकाच बॅचचे हवेत, तरच दोन्ही एकत्र बसवून रचना सुधारता येते. त्यासाठी बाटलीवर बॅच क्रमांक, दोन्ही भाजण्यांचं तापमान आणि वजनातली घट लिहा.