अल्पभूधारक शेतकऱ्यांशी खरेदीची भागीदारी कशी उभारावी

जगात साठ कोटींहून अधिक शेतीची खाती असून त्यांपैकी सुमारे ८४ टक्के खाती दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडला. ही लहान खाती एकूण शेतजमिनीच्या सुमारे १२ टक्के जमीन कसतात आणि जगातील सुमारे ३५ टक्के अन्न पिकवतात. त्यामुळे शाश्वत पद्धतीने पिकवलेला शेतमाल नियमितपणे हवा असलेल्या कोणत्याही हॉटेलला, वसतिगृहाच्या खानावळीला, प्रक्रिया उद्योगाला किंवा किरकोळ विक्रेत्याला आज ना उद्या लहान शेतकऱ्याच्या दारी जावेच लागते. अशी भागीदारी उभी करू पाहणाऱ्या खरेदीदारासाठी हे मार्गदर्शन आहे. अशा बहुतेक प्रयत्नांत शेतकऱ्याने कसे पिकवावे याच्या अटींची यादी लांबलचक असते, पण आपण कसे विकत घ्यावे याविषयी खरेदीदाराने स्वतःवर घातलेली अट एखादीही सापडत नाही. भागीदारी बहुधा तिथेच मोडते, म्हणून सुरुवात खरेदीदाराच्या बाजूने करावी.

आधी स्वतःची गरज मांडा

शेतकऱ्यांना भेटण्यापूर्वी मागील वर्षाच्या खरेदीच्या नोंदी काढाव्यात आणि कोणता माल, कोणत्या महिन्यात, किती लागला, त्यातील किती वाया गेला व किती ऐनवेळी रद्द करावा लागला, हे महिनावार लिहून काढावे. ही मांडणी परिसरातील पीक हंगामाशेजारी ठेवली की कोणता माल लहान शेतकऱ्यांकडून घेणे खरोखर शक्य आहे, हे स्पष्ट होते. ज्या महिन्यात तो माल शेतात नसतोच, त्या महिन्यासाठी आपल्या पदार्थांची यादी किंवा उत्पादनाचे वेळापत्रक बदलण्याची तयारी आहे का, याचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघराकडून किंवा कारखान्याकडून आधी घ्यावे. ही तयारी नसेल तर शेतकऱ्याला बारमाही पुरवठ्याचे वचन मागणे अन्यायाचे ठरते.

सुरुवात एका पिकाने आणि एका हंगामाने करावी. पहिल्याच वर्षी दहा पिकांचा करार करणाऱ्यांना त्यांतील एकाही पिकाकडे नीट लक्ष देता येत नाही.

गट कसा निवडावा

एकेका शेतकऱ्याकडून थोडाथोडा माल गोळा करण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा बचत गट यांच्यामार्फत काम करणे दोघांनाही परवडते. मात्र कागदावर नोंदलेला प्रत्येक गट जिवंत असतोच असे नाही. सभांची इतिवृत्ते पाहावीत, लेखापरीक्षण झालेले हिशेब मागावेत, पदाधिकारी निवडणुकीने येतात की वर्षानुवर्षे तेच चालू आहेत हे विचारावे आणि मागील हंगामातील विक्रीचे पैसे सभासदांना किती दिवसांत मिळाले, याची चौकशी पदाधिकाऱ्यांखेरीज इतर चार-पाच सभासदांकडेही करावी.

आणखी एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. जमीन पुरुषाच्या नावावर असते, म्हणून सभासदत्व, करार आणि बँक खाते त्याच्याच नावावर जाते, आणि पेरणीपासून निवडणी-टिपणीपर्यंतचे बरेचसे काम करणाऱ्या स्त्रीपर्यंत ना प्रशिक्षण पोहोचते ना पैसा. जमिनीची मालकी ही सभासदत्वाची अट न ठेवता प्रत्यक्ष कसणाऱ्या व्यक्तीला सभासद करून घ्यावे, असा आग्रह खरेदीदाराने पहिल्या बैठकीतच धरावा. नंतर तो धरणे अवघड जाते.

भावाचे सूत्र

भाव ठरवताना चालू बाजारभावापासून सुरुवात न करता उत्पादन खर्चापासून करावी. बियाणे, खते, पाणी, मजुरी, वाहतूक यांबरोबर घरच्या माणसांच्या श्रमांची मजुरी आणि जमिनीचा खंडही खर्चात धरावा, कारण हे दोन आकडे वगळले की तोट्यातील शेतीही कागदावर फायद्यात दिसते. उत्पादकतेचा आकडा चांगल्या वर्षाचा न घेता मागील तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्यावी, म्हणजे एका वाईट पावसाळ्याचा भारही भावात येतो.

समजा, असा खर्च १०० आला आणि दोन्ही बाजूंनी किमान भाव ११५ ठरवला. बाजारभाव ९० वर घसरला तरी शेतकऱ्याला ११५ मिळतील. बाजारभाव १३० वर गेला तर काय, हा खरा प्रश्न आहे. करारात ११५ हाच कायम भाव लिहिला असेल, तर शेतकरी माल दुसरीकडे विकतो आणि खरेदीदार त्याला बेइमानी म्हणतो. ज्या घरावर कर्जाचा हप्ता आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च आहे, त्या घराने १३० सोडून ११५ घ्यावेत ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. किमान भाव किंवा बाजारभाव यांपैकी जो जास्त असेल तो द्यावा, हे फेअरट्रेड या न्याय्य व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणन व्यवस्थेने अनेक पिकांसाठी वापरलेले सूत्र मला सर्वांत न्याय्य वाटते. त्या व्यवस्थेत भावाशिवाय एक वेगळी अधिमूल्य रक्कम गटाला मिळते आणि ती कशावर खर्च करायची हे सभासद आपल्या सभेत ठरवतात. खरेदीदाराला संपूर्ण वाढ झेपत नसेल तर किमान भावावरील वाढ निम्मी-निम्मी वाटून घेण्याचे सूत्रही चालू शकते, पण ते पेरणीपूर्वी ठरलेले असावे आणि बाजारभाव कोणत्या बाजाराचा, कोणत्या दिवसांच्या सरासरीचा, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे.

संपूर्ण पीक मात्र करारात बांधू नये. अपेक्षित उत्पादनाच्या साधारण दोन तृतीयांश मालाची हमी द्यावी आणि उरलेला माल घरच्या वापरासाठी व इतर ग्राहकांसाठी मोकळा ठेवावा. पीक कमी आले तर शेतकऱ्याला त्यातून श्वास घ्यायला जागा राहते, आणि खरेदीदाराचा व्यवसाय अडचणीत आला तरी गट पूर्णपणे उघड्यावर पडत नाही.

पैसे केव्हा द्यावेत

उत्तम भाव दोन महिन्यांनी दिला तर त्यातील मोठा भाग सावकाराच्या व्याजात जातो. नाशवंत शेतमालाचे पैसे ३० दिवसांच्या आत आणि इतर शेतमालाचे ६० दिवसांच्या आत दिले पाहिजेत, आणि नाशवंत मालाची मागणी ३० दिवसांहून कमी मुदतीत रद्द करता येणार नाही, असे बंधन युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने मोठ्या खरेदीदारांवर घातले. कायद्याने घातलेली ही शेवटची मर्यादा आहे. लहान शेतकऱ्याशी भागीदारी म्हणवणाऱ्याने एका आठवड्यात पैसे खात्यात जमा करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळते भांडवल अपुरे असेल तर खरेदीदाराने बँकेकडून कर्ज काढावे, कारण त्याला मिळणारे कर्ज शेतकऱ्याला मिळणाऱ्या कर्जापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त असते.

पेरणीपूर्वी उचल देण्याचाही विचार करावा. फेअरट्रेडच्या नियमांनुसार अनेक पिकांच्या बाबतीत गटाने मागणी केल्यास खरेदीदाराला कराराच्या मूल्याच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ उपलब्ध करून द्यावी लागते. उचल रोख रकमेत द्यावी. आपल्याच दुकानातील बियाणे-खतांच्या रूपाने दिलेली उचल अनेकदा शेतकऱ्याला त्याच दुकानाशी बांधून टाकते, आणि निविष्ठांचा भाव काय लावला हे त्याला हिशेबाच्या दिवशीच कळते.

करारात काय असावे

अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी आणि खासगी कायद्याच्या एकसूत्रीकरणासाठी काम करणारी युनिड्रॉइट ही संस्था यांनी मिळून २०१५ मध्ये करार शेतीविषयी कायदेशीर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. करार लिहिण्यापूर्वी आपल्या वकिलाने ती अवश्य वाचावी. मालाचे परिमाण, प्रत, भावाचे सूत्र, पैसे देण्याची मुदत, वाहतुकीची जबाबदारी, दुष्काळ-पूर-कीड आल्यास काय, आणि वाद झाल्यास कोणाकडे जायचे, एवढ्या गोष्टी दोन पानांत मावतात. करार शेतकऱ्यांच्या भाषेत असावा, सभेत मोठ्याने वाचला जावा आणि त्यावर विचार करण्यासाठी निदान आठवडाभराचा अवधी द्यावा. सही त्याच बैठकीत मागू नये.

काट्यावरचा विश्वास

वर्षभराच्या बैठकांनी मिळवलेला विश्वास संकलन केंद्रावर अर्ध्या तासात गमावता येतो, म्हणून या टप्प्यावर अधिक वेळ खर्च करावा. वजनकाटा शेतकऱ्याला आकडा दिसेल अशा बाजूने ठेवावा आणि सकाळी पहिला माल येण्यापूर्वी सर्वांसमोर प्रमाणित वजन ठेवून तपासावा. रिकाम्या क्रेटचे किंवा बारदानाचे वजन अंदाजाने न धरता मोजून वजा करावे. घट, माती, कचरा अशा नावांखाली सरसकट कडता कापण्याची पद्धत बंद करावी, आणि ओलाव्यासाठी कपात करायचीच असेल तर ओलावामापकावरील आकडा शेतकऱ्याला दाखवून, करारातील तक्त्यानुसारच करावी. तृणधान्ये साठवणीपूर्वी साधारण १३ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेली असावी लागतात, नाहीतर बुरशी धरते आणि काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार होते. त्यामुळे ओलाव्याची अट रास्त आहे, पण तिच्यासोबत वाळवणीसाठी ताडपत्र्या किंवा ओटा देण्याची जबाबदारीही खरेदीदाराने उचलावी.

पावतीवर एकूण वजन, वजा केलेले वजन, प्रत, दर आणि रक्कम हे पाचही आकडे त्याच वेळी लिहून द्यावेत. माल नाकारायचा असेल तर तो तिथेच, कारण लिहून नाकारावा. शहरातील गोदामात पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोनवरून माल नाकारला गेला, तर शेतकऱ्याकडे तो परत आणण्याचे साधन नसते आणि विकण्याची वेळही निघून गेलेली असते.

प्रतवारीचे निकष ठरवताना आकार, रंग आणि चकाकी यांचा खाण्याच्या गुणवत्तेशी संबंध किती, हे तपासून पाहावे. काढणीनंतर आणि किरकोळ विक्रीपूर्वी जगातील सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते, असा अन्न व कृषी संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे. त्याशिवाय केवळ दिसण्यावरून नाकारलेला माल शेतातच कुजतो. चिरून, दळून किंवा शिजवून वापरायच्या मालाला दुसरी प्रत चालते. तेव्हा दोन प्रतींचे दोन भाव ठरवून संपूर्ण काढणी घेण्याची तयारी ठेवावी. यातून शेतकऱ्याचे उत्पन्न भाव न वाढवताही वाढते.

शाश्वत शेतीच्या अटी आणि त्यांचा खर्च

खरेदीदार पिकांची फेरपालट करा म्हणतो, पण विकत एकच पीक घेतो. द्विदल पिकामुळे जमिनीत नत्र स्थिर होते, फेरपालटीने कीड-रोगांचे चक्र तुटते, हे शेतकऱ्याला माहीत असते. त्याची अडचण एवढीच असते की त्या दुसऱ्या पिकाला खात्रीचा ग्राहक नसतो. म्हणून ज्याला मुख्य पीक शाश्वत पद्धतीने हवे आहे त्याने फेरपालटीतील किमान आणखी एका पिकाची खरेदी करावी किंवा त्यासाठी दुसरा ग्राहक मिळवून द्यावा. शाश्वत खरेदीतील एवढे एकच पाऊल उचलायचे झाले तर मी हेच सुचवेन.

सेंद्रिय शेतीकडे वळतानाचा काळही असाच दुर्लक्षित राहतो. युरोपीय संघाच्या नियमांत वार्षिक पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षांचा आणि बहुतेक बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या सेंद्रिय काढणीपूर्वी तीन वर्षांचा संक्रमण काळ आहे. या काळात अनेकदा उत्पादन घटते, खर्च वाढतो आणि माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. या वर्षांत अधिक भाव देणारा खरेदीदार नसेल तर संक्रमणाची सगळी जोखीम सर्वांत कमी ऐपत असलेल्या माणसावर पडते. पहिल्या वर्षी वीस अटी न घालता मातीपरीक्षण, कीडनाशकांच्या वापराची नोंद आणि पाण्याचा वापर अशा दोन-तीन गोष्टींपासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक नव्या अटीसोबत तिचा खर्च कोण उचलणार हे लिहावे.

प्रमाणपत्र आणि माहिती कोणाची

माल जवळच विकला जाणार असेल आणि ग्राहक-शेतकरी एकमेकांना भेटू शकत असतील, तर सहभागी हमी पद्धत पुरेशी ठरते. तीत शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि खर्चही कमी येतो. निर्यातीसाठी त्रयस्थ संस्थेचे गट प्रमाणीकरण लागते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या सेंद्रिय नियमावलीने अशा गटाची कमाल मर्यादा २,००० सभासदांची ठेवली आहे आणि गटाला स्वतःची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था चालवावी लागते.

प्रमाणपत्र खरेदीदाराने स्वतःच्या नावावर घेतले की शेतकरी तोच माल प्रमाणित म्हणून इतर कोणालाही विकू शकत नाही, आणि भागीदारीचे रूपांतर बंधनात होते. शुल्क खरेदीदाराने भरले तरी प्रमाणपत्र गटाच्याच नावावर असावे. शेतांच्या नकाशांनाही हाच नियम लावावा. जंगलतोडीशी संबंधित मालावरील युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार सात प्रकारच्या मालासाठी तो कोणत्या भूखंडावर पिकला त्याचे भौगोलिक स्थान द्यावे लागते, आणि चार हेक्टरांपर्यंतच्या भूखंडासाठी एका बिंदूचे अक्षांश-रेखांश चालतात. ही माहिती गोळा करताना शेतकऱ्याची संमती घ्यावी आणि तिची प्रत गटाला द्यावी.

हंगामानंतर

हंगाम संपला की चार आकडे गटाच्या सभेत मांडावेत: पैसे सरासरी किती दिवसांत दिले, किती टक्के माल नाकारला, करारातील किती माल प्रत्यक्ष उचलला, आणि सर्व खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती एकरी किती उरले. यांतील पहिले तीन आकडे खरेदीदाराच्या वागणुकीचे आहेत, म्हणून त्यांवर सभासदांना मोकळेपणाने बोलू द्यावे आणि पुढील वर्षाचा करार त्या चर्चेनंतरच लिहावा.

खरेदी थांबवण्याची वेळ आली तर त्याची सूचना पुढील पेरणीच्या किंवा रोपे मागवण्याच्या आधी, लेखी द्यावी. बहुवार्षिक पिकांच्या बाबतीत निदान एक पूर्ण हंगाम आधी द्यावी. उभ्या पिकाची खरेदी ठरल्याप्रमाणे पूर्ण करावी, उचलीचा हिशेब सभेत मिटवावा आणि प्रमाणपत्राची कागदपत्रे, माती परीक्षणाचे अहवाल व नकाशे गटाच्या स्वाधीन करून त्याची पोच घ्यावी.