चीनमध्ये शिकवायला आलात? दिवाळी ते छुनच्ये, हे दिवस आत्ताच लावून घ्या

सप्टेंबरला जॉइन झालेल्या बहुतेकांचं असं होतं की पहिले दोन महिने नवीन शहर, नवीन पोरं, नवीन ॲप यात भुर्रकन जातात, आणि मग एकदम दिवाळी येते आणि त्या दिवशी सकाळी ८ ला पहिला तास असतो. मी मूळची सोलापूरची, हांगझोऊमध्ये इंग्लिश शिकवते, आता नववं वर्ष. दरवर्षी नवीन मराठी मुलंमुली भेटतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी कॅलेंडर. इथं दिवाळीला सुट्टी नाही, २५ डिसेंबरलाही नाही. १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाचा आठवडा, १ जानेवारी, आणि मग छुनच्ये म्हणजे त्यांचं नवं वर्ष, हीच खरी मोठी सुट्टी. त्यातही त्याओशिउ नावाचा प्रकार आहे, म्हणजे लांब सुट्टी जोडून मिळावी म्हणून आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार कामाचा दिवस करतात. पुढच्या वर्षीची यादी सरकार साधारण नोव्हेंबरमध्ये जाहीर करतं, ती बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी आलंय म्हणून शाळेत शिकवणारे सुटलेत, पण ट्रेनिंग सेंटरवाल्यांना (म्हणजे खाजगी क्लासमध्ये शिकवणाऱ्यांना) शनिवार-रविवारच जास्त काम असतं, त्यांनी आत्ताच मॅनेजरशी बोलून दिवस बदलून घ्या. आदल्या आठवड्यात सांगितलं तर बदली टीचर मिळत नाही.

कॉन्ट्रॅक्टमध्ये हिवाळ्याची सुट्टी पगारी आहे का ते बघा. शाळांना साधारण ३-४ आठवडे मिळतात, युनिव्हर्सिटीला जास्त, आणि सेंटरवाल्यांचा तर हाच सीझन असतो. जुलै २०२१ मध्ये शुआंगच्येन धोरण आलं आणि शाळेच्या विषयांच्या खाजगी शिकवण्या सुट्टीच्या दिवशी घ्यायला बंदी आली, त्यात कितीतरी सेंटर बंद पडली. म्हणून "सुट्टीत घरी येऊन मुलाला शिकवा, रोख पैसे देते" असं कुठली आई म्हणाली तर प्रेमानं नाही म्हणा. तुमचं वर्क परमिट एकाच संस्थेच्या नावावर असतं, बाहेर शिकवणं बेकायदेशीर आहे, आणि आपल्या पासपोर्टवर शिकवण्याचं परमिट मिळणं आधीच किती अवघड असतं ते तुम्ही सगळे जाणता.

दिवाळीला किंवा जानेवारीत घरी जायचं म्हणत असाल तर पासपोर्ट कुठं आहे हे आधी बघा. रेसिडन्स परमिट काढताना किंवा रिन्यू करताना पासपोर्ट पोलिसांच्या ऑफिसात जमा होतो आणि तीनेक आठवडे धरून चालायचं, तेवढे दिवस मिळालेल्या पावतीवर देशातल्या देशात फिरता येतं पण बाहेर जाता येत नाही. माझं तिसऱ्या वर्षी रिन्यूअल नेमकं सुट्टीच्या तोंडावर आलं, ऑफिसनं कागद उशिरा भरले आणि मावसबहिणीचं लग्न मी फोनवर बघितलं. तेव्हापासून मुदत संपायच्या दोन महिने आधीच मी त्यांच्या मागे लागते.

विमानांचं थोडं बरं झालंय. २०२० पासून थेट विमानं बंद होती ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझोऊपासून परत सुरू झाली, मग दिल्लीही जोडली गेली. तरी मुंबई-पुण्याच्या लोकांना बऱ्याचदा बँकॉक, सिंगापूर नाहीतर हाँगकाँगवरूनच यावं लागतं. हाँगकाँगला दोन वेगळी तिकिटं असली आणि बॅग घ्यायला बाहेर पडायचं असलं तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फुकट आहे पण विसरू नका. आणि पॉवर बँक! जून २०२५ पासून इथल्या देशांतर्गत विमानात ३सी हा चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही, आपल्याकडून आणलेली असेल तर सिक्युरिटीलाच ठेवून घेतात.

आता फराळ. येताना आई बॅग भरणारच, तर तिला सांगा की दूध-लोणी-चीजचे पदार्थ, मांस, अंडी, ताजी फळं हे कस्टममध्ये चालत नाही, तुपाच्या बाबतीतही मी रिस्क घेत नाही. खसखस तर नकोच नको, अफूच्या झाडाचं बी म्हणून इथं तिच्यावर बंधन आहे, त्यामुळे खसखस लावलेले अनारसे घरीच खाऊन या. मी काय आणते, तर शेंगाची चटणी, कडक भाकरी, चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. कडक भाकरी महिना महिना टिकते आणि पहिल्या थंडीत दुधात कुस्करून खाल्ली की जीव भांड्यात पडतो. बेसन, डाळी, पोहे इथं ऑनलाइन मिळतात, आणि हांगझोऊहून फास्ट ट्रेननं तासाभराच्या आत यीवू आहे, तिथं भारतीय व्यापारी इतके आहेत की किराणा आणि जेवण दोन्हीची सोय होते. पणत्या लावणार असाल तर बिल्डिंगच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि होस्टेलमध्ये राहत असाल तर लाइटच्याच लावा, आगीबद्दल हे लोक फार कडक आहेत आणि ते बरोबरच आहे. फुलबाज्या ट्रेननं न्यायच्या नाहीत, आणि बऱ्याच शहरात फटाक्यांना बंदी असते.

घरच्यांशी बोलायची अडचण कुणी आधी सांगत नाही. इथं व्हॉट्सॲप चालत नाही आणि वीचॅट भारतात २०२० पासून बंद. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवलं की त्याच्या डेटावर व्हॉट्सॲप लागतं, महाग पडतं पण दिवाळीचे चार दिवस तरी तेवढा खर्च कराच. आपण अडीच तास पुढे आहोत, म्हणजे घरी साडेसहाला लक्ष्मीपूजन सुरू झालं की इथं रात्रीचे नऊ. त्या दिवशी जेवून घ्या, फोन टेकवून ठेवा, तुमची पूजा पण तेव्हाच करा. मी दरवर्षी असंच करते, आरती एकत्र होते.

नाताळचं थोडक्यात. सुट्टी नाही, पण परदेशी टीचर म्हणून कार्यक्रम करायला सांगतील. काही शाळांना सजावट हवी असते, काहींना अजिबात नको असते, स्वतःहून काही ठरवू नका, विचारा. आदल्या संध्याकाळी पोरं तुम्हाला चकचकीत कागदात गुंडाळलेलं सफरचंद देतील, कारण सफरचंदाला फिंगक्वो म्हणतात आणि त्या रात्रीला फिंगआन-ये, दोन्हीचा सुरुवातीचा उच्चार एक. दोन्ही हातांनी घ्या.

खरा एकटेपणा येतो तो छुनच्येला. पुढचं ६ फेब्रुवारी २०२७ ला आहे. त्याच्या पंधरा दिवस आधी छुनयुन सुरू होतं, चाळीस दिवसांची ती गर्दी, अख्खा देश गावाकडे निघतो, आणि ट्रेनची तिकिटं १५ दिवस आधी उघडतात ती मिनिटात संपतात. रेल्वेच्या १२३०६ ॲपवर पासपोर्टची पडताळणी डिसेंबरातच करून ठेवा आणि तिकीट नाही मिळालं तर होउपू म्हणजे वेटिंगला नाव टाका, बऱ्याचदा लागतं. न जाणाऱ्यांनी आठवडाभराचा शिधा आधी भरावा. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं, खालची नूडल्सवाली बाई, भाजीवाला, कुरिअर सगळं बंद, घरात तांदूळ आणि चार बटाटे, आणि हांगझोऊ दक्षिणेत धरतात म्हणून बिल्डिंगला सरकारी हीटिंग नाही. त्या ओल्या थंडीत मी तीन दिवस रडले हे खरं आहे. इलेक्ट्रिक ब्लँकेट नोव्हेंबरातच घ्या.

आणि कुणी त्यांच्या वर्षाच्या शेवटच्या, म्हणजे छुनच्येच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला बोलावलं तर जाच. माझी सहकारी मला दुसऱ्या वर्षी शाओशिंगजवळच्या तिच्या गावी घेऊन गेली, तिच्या सासूबाईंनी माझ्यासाठी अंडं आणि चायनीज कांद्याच्या पातीचे च्याओझ (सारण भरलेले डंपलिंग) वेगळे वळले, आणि ते वळताना मी करंजीची मुरड घातली तर सगळ्या बायका बघायला जमल्या. शाकाहारी असाल तर "वो छर सू" एवढं न सांगता खिमा नको, डुकराची चरबी नको असं फोडून सांगा. फळांची पेटी न्या, घड्याळ कधीच नेऊ नका, त्या शब्दाचा उच्चार शेवटाच्या निरोपासारखा होतो. लहान मुलांना लाल पाकिटात कोऱ्या नोटा द्या, आकड्यात ४ नको.

त्यांची पंचांगं आणि आपली किती जवळची आहेत हे इथं राहून कळलं. तेही चंद्रावर महिने मोजतात, अधिक महिना घालतात, फक्त तो कधी कधी वेगळ्या वर्षी येतो. २०२५ ला त्यांचा मध्य-शरद सण आणि आपली कोजागिरी एकाच रात्री, ६ ऑक्टोबरला आली. मी गच्चीवर मसाला दूध केलं आणि शेजारचे मूनकेक घेऊन आले.

सुट्टीत उत्तरेला गेलात तर शिच्याच्वांगला उतरा, बीजिंगहून फास्ट ट्रेननं सव्वा तास. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून इथं आले, भाषा शिकले, इथलेच झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला ३२ व्या वर्षी गेले. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. जुन्या लोकांना ख दीहुआ हे त्यांचं चिनी नाव म्हटलं की लगेच कळतं. माझ्या टॅक्सीवाल्या काकांनी मी डॉ. कोटणीसांच्या गावची आहे म्हटल्यावर पैसे घ्यायलाच नकार दिला, मी शेवटी सीटवर शेंगाच्या चटणीची पुडी ठेवून उतरले.

हांगझोऊच्या आसपास कुणी असाल तर ८ नोव्हेंबरला संध्याकाळी या. चकल्या मी करते, लाडू यीवूची एक ताई आणते, तुम्ही फक्त रात्री परतीची ट्रेन कितीची आहे ते बघून ठेवा, कारण पूजा घरच्या वेळेला, म्हणजे नऊलाच होणार.