मांजराचे दात घरच्या घरी कसे साफ ठेवायचे

मांजराच्या तोंडाला वास आला की मासे खाल्लेत म्हणून येतोय असं आपण गोव्यात सगळेच धरून चालतो, पण बांगड्याचा वास थोड्या वेळाने जातो, रोजच कुजका वास येत असेल तर हिरड्या बिघडल्यात असं समजा. ओठ जरा वर करून बघा, दाताच्या मुळाशी हिरडीला लाल रेघ दिसते का, आणि मागच्या वरच्या दाढेवर पिवळा-तपकिरी थर आहे का.

काटे चावून दात आपोआप साफ होतात हे बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतं, ते डोक्यातून काढून टाका, उलट काटा हिरडीत नाहीतर घशात अडकतो. कोरड्या खाण्यानेही फार काही होत नाही. खरा उपाय ब्रशच.

पण पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात घालू नका, मांजर परत हात लावू देणार नाही. आधी थोडे दिवस नुसते गाल चोळा, मग मेडिकलमधली गॉज पट्टी बोटाला गुंडाळा आणि बांगडा नुसत्या पाण्यात उकडून ते पाणी पट्टीला लावा. मीठ नको, आणि हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, रस तर नकोच, कांदा-लसूण मांजराला विषारी. मांजर चाटायला लागलं की मग पट्टी दातावर फिरवायची.

धरायचं असं: मांजर तुमच्याकडे पाठ करून मांडीत, डावा हात डोक्यावरून, अंगठ्याने ओठाचा कोपरा वर उचलायचा. तोंड उघडायची गरजच नाही! बाहेरची, गालाकडची बाजू तेवढी घासायची, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. छोटा मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलकेच गोल फिरवा, आधी मागच्या वरच्या दाढा, कारण थर तिथेच जास्त साचतो. एका बाजूला अर्धा मिनिट पुरे. लगेच आवडीचा खाऊ द्या.

पेस्ट मांजरांचीच घ्या, पेट शॉपमध्ये चिकनच्या नाहीतर माशाच्या चवीची मिळते. आपली नको, मांजराला चूळ भरता येत नाही, फ्लोराईड सगळं पोटात जातं. दाढ दुखली की आपल्याला लवंगाचं तेल आठवतं, पण मांजराला ते चुकूनही लावू नका, विषबाधा होते.

रोज जमलं तर उत्तम, कारण मऊ थर दोन-तीन दिवसांत दगडासारखा कडक व्हायला लागतो. चवथीच्या गडबडीत राहिलं तर राहू दे, पाहुणे गेले की परत सुरू करा. एकदा कडक झालेला थर ब्रशने निघत नाही, नखाने किंवा सुरीने खरवडायला जाऊ नका, ते काम व्हेटचं, भूल देऊनच होतं. आणि लाळ गळतेय, एकाच बाजूने चावतेय, खाताना तुकडा तोंडातून पडतोय असं दिसलं तर ब्रश बंद आणि आधी व्हेटकडे, दुखऱ्या दातावर ब्रश फिरवला तर ती पुढे कधीच तोंडाला हात लावू देणार नाही.